चौथ्या भागापासून

सासऱ्यांच्या नजरेतला आधी मधलाच भाग गेला. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस घरभर चाचपडत हिंडायचा, पण कुणाला हात धरू द्यायचा नाही. त्यांचं अडलं ते फक्त पुस्तकांवाचून. पलंगाशेजारच्या कपाटात एकाच कादंबरीमालेचे भाग ओळीने उभे होते. एक अंतराळयान, तारे, लढाया, तह, फितुरी आणि या सगळ्याला पुरून उरणारा एक कप्तान.

सून दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. दुपारी घरी यायची तेव्हा नखांत प्लास्टरची पांढरी भुकटी असायची. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासऱ्यांशी तिचं बोलणं 'जेवलात का' आणि 'गोळी घेतलीत का' यापलीकडे गेलं नव्हतं. म्हणून एका दुपारी त्यांनी, "जरा वाचून दाखवशील का?" असं विचारलं तेव्हा तिला नाही म्हणवेना.

"कुठून सुरू करू?"

"चौथ्यापासून कर. सगळे चौथ्यापासूनच करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

तिने कपाटावरून बोट फिरवलं. ओळ चौथ्यापासून एकविसाव्यापर्यंत जात होती.

"बाबा, पहिले तीन कुठायत?"

"मिळालेच नाहीत कधी," ते ओशाळून म्हणाले. "तरुणपणी चौथाच हाताला लागला. दोस्तांना मात्र छातीठोकपणे सांगत आलो, सगळे वाचलेत म्हणून. आता या वयात कुणापुढे कबूल करू?"

तिला हसू आवरेना. या घरात ती त्यांच्यासमोर इतकी मोकळी कधी हसली नव्हती. पण काम अर्धवट सोडणाऱ्यांतली ती नव्हे. ओळीने तीन रविवार तिने जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली आणि सुतळीने बांधलेले तिन्ही भाग घेऊन आली.

पहिल्या भागाची सुरुवात म्हणजे नुसतं गुऱ्हाळ. तीस पानं इंजिनाचंच वर्णन.

"कुणीतरी या लेखकाला इंजिनातून बाहेर काढा हो!" ती वैतागली.

"थांब गं, तो झडपेचं बरोबर सांगतोय," सासरे खुशीत म्हणाले.

मग आठवं प्रकरण आलं. कप्तान तेव्हा कप्तान नव्हता, एक साधा तरुण अधिकारी होता. यानात आग लागते. तिघं कारागीर बाहेरच्या बाजूला दुरुस्ती करत असतात. हा गाळण उडून आतून दार लावून घेतो. यान वाचतं, ते तिघं बाहेरच राहतात. चौकशीत हा धडधडीत खोटं बोलतो.

"बंद कर," सासरे म्हणाले.

तीन दिवस त्यांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा ते आपणहून बोलू लागले.

"एकदा पाचव्या मजल्यावर लिफ्टचा ब्रेक सुटत होता. आत दोन बायका. माझा जोडीदार पळाला. मी तरफ दाबून बसलो, मदत येईपर्यंत. खांदा निखळला. का थांबलो ठाऊक आहे? कप्तान थांबला असता म्हणून. आणि हा बघ, स्वतःच पळपुटा निघाला!"

तिच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. सासऱ्यांचा डावा हात वर जात नाही एवढंच तिला माहीत होतं. का, हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

खोळीची घडी घालत ती म्हणाली, "मी चौथा भाग वाचून काढलाय. कारखान्यात, डब्याच्या सुट्टीत. त्यात दार लावायच्या आधी तो माणसं मोजतो. दोनदा मोजतो. का मोजतो, बाबा?"

"शिस्तीचा आहे म्हणून."

तिने खोळ बाजूला ठेवून पहिला भाग उचलला. सासऱ्यांनी मान खाली घातली.

"ते तिघं."

"हो."

"चाळीस वर्षं ती मोजणी वाचली मी. वाटायचं, काय रुबाब आहे!" त्यांनी डोळे पुसले. "वाईट वाटतंय गं. राग अजून गेला नाही माझा. पण वाच. नववं प्रकरण काढ."

तिने खुर्ची पुढे ओढली, पान उघडलं आणि थांबली.

"एक विचारू? मी लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. रागावला होतात?"

"छे! घाबरलो होतो. तुझी सासू असती तर तिने सांभाळून घेतलं असतं. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलं, ते राहिलंच."

"मीही घाबरलेच होते," ती म्हणाली आणि नववं प्रकरण वाचू लागली.

वर्षभरात पाच भाग झाले. उरलेले किती, याचा हिशोब दोघांनीही केला नाही. पाचव्यात कप्तानाचं लग्न मोडतं. चूक कुणाची, यावरून सासऱ्या-सुनेचं असं जुंपलं की तिचा नवरा कामावरून आला तेव्हा ती भांडी आपटत होती आणि वडील पलंगावरून बोट नाचवत होते.

"अरे, झालं तरी काय?" तो दारातच थबकला.

"तू मध्ये पडू नकोस!" दोघंही एकदम ओरडली.