माझ्या पोटातले सिमकार्ड

मित्रांनो, मी एक बिजागरी सैल झालेला, कळांवरची अक्षरे पुसट झालेला लॅपटॉप आहे. सोलापुरात राजेसाब नावाच्या कारागिराच्या दुरुस्तीच्या दुकानात, मधल्या फळीवर सध्या माझा मुक्काम आहे. दोन्ही बाजूंना माझ्याहून तरुण मंडळी बसली आहेत. ती मला म्हातारा समजतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

पण एके काळी मला भारी तोरा होता. माझी बॅटरी काढली की खाली एक बारीक खाच दिसते. तिच्यात मोबाईलचे सिमकार्ड बसवले की मला कुठेही इंटरनेट मिळते. वायर नको की कुणाच्या वायफायची आर्जवे नकोत. माझ्या कित्येक भावंडांना नुसती खाच असते, आत यंत्र नसते. मला दोन्ही होते. पहिली सहा वर्षे मी पुण्यातल्या एका साहेबांबरोबर गावोगाव हिंडलो. ते चारचौघांत माझे कौतुक करत. मग एक नवा, पातळ लॅपटॉप आला आणि माझी रवानगी इतर जुन्या लॅपटॉपांबरोबर सोलापूरला झाली.

राजेसाबनी मला उघडले, माझ्यातली धूळ झटकली, मला चालते केले. एका रविवारी बुद्धभूषण नावाचे गृहस्थ आपल्या मुलीला, धम्मप्रियाला, घेऊन दुकानात आले. ते बार्शीच्या बाजारात एका धान्याच्या गोदामावर कामाला होते. आठवडाभर तिकडेच राहायचे, रविवारी घरी यायचे.

"पोरगीला नर्सिंगला जायचंय, चाचा. पर आमच्याकडं वायफाय न्हाय. हिच्या आईचा फोन बी बटनाचा," ते म्हणाले.

राजेसाबनी माझी बॅटरी काढून खाच दाखवली. "दादा, फोनातलं सिम काढून ह्यात टाकायचं. मोबाईलवानी चालतंय बघा!"

बुद्धभूषण यांचा चेहरा खुलला. रिक्षात त्यांनी मला मांडीवर घेतले, आणि खड्डा आला की ते दोन्ही हातांनी मला धरत. मित्रांनो, साहेबांनीही मला असे कधी धरले नव्हते.

मी त्या घरात रमलो. संध्याकाळी धम्मप्रिया आईच्या, म्हणजे मुक्ताबाईंच्या, फोनातले सिम काढून माझ्यात घालायची आणि अभ्यास करायची. नऊ वाजता बार्शीहून पप्पांचा फोन येई. त्याच्या आत ती मला बंद करून, बॅटरी काढून, सिम परत फोनात घालायची. ही खटपट रोजची होती, पण तिने कधी कंटाळा केला नाही.

मग तो दिवस आला. प्रवेशासाठी कॉलेजांची नावे भरण्याचा शेवटचा दिवस. आदल्या रात्री पप्पा म्हणाले होते, "उद्या दुपारी फोन करतो, फारम भरला का सांग." सकाळी आठपासून सिम माझ्या पोटात होते. सगळ्या जिल्ह्यातली मुले एकाच वेळी त्या संकेतस्थळावर तुटून पडली होती. पान अर्धे उघडायचे आणि तिथेच अडकायचे. एक वाजता धम्मप्रियाने मान वर केली.

"आई, सिम काढून फोनमदी घालू का? पप्पांचा फोन यायची येळ झाली."

"नगं गं. काढलंस की परत पयल्यापासनं. नंबर तर ह्यात हाय की, फोन आला तर ह्योच वाजंल. फारम आधी."

मला ओरडून सांगायचे होते. मुक्ताबाई, मी वाजत नाही हो! मला फक्त इंटरनेट कळते, या नंबरावर आलेला फोन माझ्यापर्यंत पोचतच नाही. पण ज्याला वाजता येत नाही, त्याला ओरडता कुठून येणार?

दीडच्या सुमाराला माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट उगवली. या नंबरावरून फोन येऊन गेला, असे त्यात लिहिले होते. सिमच्या कंपनीच्या जाहिराती दिवसभर तशाच चौकटीतून येत. धम्मप्रियाने न वाचता ती बंद केली. थोड्या वेळाने दुसरी आली. तिसरी आली. चारपर्यंत अकरा आल्या. अकराही बार्शीच्या एकाच नंबरावरून. मी प्रत्येक वेळी चौकट तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि तिने प्रत्येक वेळी ती मिटली. तिचा जीव फॉर्ममध्ये अडकला होता.

पाचला फॉर्म भरला गेला. धम्मप्रियाने उडी मारली. मुक्ताबाईंनी तिच्या तळहातावर साखर ठेवली. "आधी पप्पास्नी सांग."

तिने सिम फोनात घालून पप्पांचा नंबर लावला. फोन त्यांच्याबरोबर गोदामावर काम करणाऱ्या नवनाथने उचलला.

"लई उशीर केलासा," तो म्हणाला आणि रडू लागला. "दुपारी छातीत कळ आली. दवाखान्यात आनलं. सारखं तुमालाच लावत हुते. माझ्याकडं तुमच्या शेजाऱ्यांचा कुनाचाच नंबर न्हाय. चार वाजता गेले."

पुढचे सगळे मी कोनाड्यातून पाहिले. तेराव्या दिवशी नवनाथ घरी आला. शेवटी ते काही बोलले का, असे मुक्ताबाईंनी त्याला विचारले. तो खाली बघत म्हणाला, "काय न्हाय, वैनी. पोरगीचा फारम भरला का, एवढंच इचारायचं हुतं म्हनं."

धम्मप्रियाला सोलापुरातच नर्सिंगला जागा मिळाली. पण रोज संध्याकाळी ती मला उघडायची आणि अभ्यास न करता, चौकटी मिटल्या तरी माझ्यात साठून राहिलेले ते अकरा संदेश एकेक करून वाचायची. प्रत्येकाची वेळ पाठ झाली होती, तरी वाचायची. जेवण सुटले, बोलणे तुटले. मुक्ताबाईंना अक्षर वाचता येत नाही, पण मुलीचा चेहरा वाचता येतो. काल त्यांनीच मला पिशवीत घातले आणि तिला घेऊन या दुकानात आल्या.

सगळे ऐकून राजेसाबनी हातातला पेचकस खाली ठेवला. "मी सांगाया पायजे हुतं, ताई. ह्यात फोन वाजत न्हाय म्हणून. कुनी इचारलं न्हाय, मी बी सांगितलं न्हाय."

"मीच चौकट बंद केली, चाचा. अकरा बारी," धम्मप्रिया म्हणाली.

"आन् सिम ऱ्हाऊ दे म्हनलेलं कोन? मीच की," मुक्ताबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "ह्यातलं सगळं पुसा, भाऊ. आन् दुसऱ्या कुना पोराला द्या. माझी पोरगी ह्यात अडकून पडलीया."

धम्मप्रियाने आईचा पदर धरला. मग तिने होकाराची मान हलवली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी आला, तर त्याच्यासाठी सिम वेगळे ठेवा. ज्या एका नंबरावर आपले माणूस आपल्याला हाक मारते, तो माझ्या पोटात कोंडू नका. आणि कोपऱ्यात आलेली चौकट मिटण्याआधी एकदा वाचा.

राजेसाब उद्या सकाळी मला पुसणार आहेत. मग बुद्धभूषण कोण, धम्मप्रिया कोण, मला काही आठवणार नाही. मी कोऱ्या पाटीने नव्या घरी जाईन आणि माझी खाच पुन्हा तोऱ्यात दाखवीन. म्हणून हे आज तुम्हाला सांगितले. मी विसरेन, तुम्ही विसरू नका.