दुसऱ्या अंकातला सेनापती

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, टोंगा बेटांवरल्या नेयाफू गावच्या चर्चच्या हॉलमध्ये रंगीत तालीम चालू असताना, नाटकाचा नायक रंगमंचावरून उतरला आणि चालता झाला. जाण्यापूर्वी त्यानं अंगातला सेनापतीचा कोट काढला आणि घडी घालून सिंहासनाच्या पायरीवर ठेवला. प्रयोग शुक्रवारी होता.

वाइमोआना आत्यांनी एक प्रश्न विचारला, एवढंच कारण झालं. आत्या ऐंशीच्या. राजकन्येचं काम करणाऱ्या लुसेआनेच्या वडिलांची ही थोरली बहीण. आणि घरात आत्येच्या शब्दावर कुणाचा शब्द चालत नाही. सिंहासनावर अंथरायला त्यांनी घरचं झाडाच्या सालीचं रंगीत कापड आणलं होतं. ते चुरगळत तर नाही ना, हे बघायला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सेनापती राजकन्येकडे हात पुढे करून म्हणत होता, की तुझ्या एका शब्दासाठी मी माझं सैन्य माघारी नेईन.

"थांब रे," आत्या म्हणाल्या. "तू कुणाचा?"

सेमिसी थांबला. वीज कंपनीत नोकरी लागून हाआपाई बेटांवरून आलेला उंच, लाजरा मुलगा. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं.

"ते नको. आईची आई कोण?"

त्यानं आजीचं नाव सांगितलं. आत्यांच्या हातातला पंखा थांबला.

"ती माझ्या बापाची धाकटी बहीण. लग्न होऊन हाआपाईला गेली ती गेलीच. म्हणजे तू हिचा भाऊ."

भाऊ सख्खा असो की आजीच्या नात्यातला, त्याच्या देखत बहिणीच्या कानावर प्रेमाचा शब्द पडता कामा नये, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. लुसेआनेचे सख्खे भाऊ तर तालमीच्या दिवशी हॉलच्या रस्त्यानंसुद्धा जात नसत, बंदरावर गळ टाकून बसत.

नाटक बसवणाऱ्या कालोलाइनेबाईंनी कपाळाला हात लावला. कामं वाटण्याआधी त्यांनी प्रत्येकाचं गोत विचारून घेतलं होतं. फक्त सेमिसीचं बापाकडचं विचारलं आणि आईकडचं राहिलं. चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढलेल्या बाईंच्या हातून ही चूक झाली होती.

गुरुवारी सकाळी पाद्री हॉलमध्ये आले. मानाचा पोशाख म्हणून कमरेला गुंडाळलेली चटई नीट करत खुर्चीत बसले.

"बाई, वाईट झालं. पण मार्ग सोपा आहे. तो प्रवेश गाळा. त्या जागी आपला गायकवर्ग एक भजन म्हणेल."

"गाळणार नाही."

"का?"

"मागं एकदा गाळला होता. तुमच्या आधीच्या पाद्रींनी सांगितलं म्हणून."

ते खरं होतं. चारशे वर्षांपूर्वीचं ते परदेशी नाटक बाईंनी स्वतः टोंगनमध्ये आणलं होतं, एकेका ओळीवर महिनामहिना बसून. त्यात राजकन्या शेवटी बापाविरुद्ध जाऊन नगराचा दरवाजा शत्रूच्या सेनापतीला उघडून देते आणि त्यासाठी मरते. दुसऱ्या अंकातला तो प्रवेश काढला, तर दरवाजा ती का उघडते हे कळत नाही. मागच्या प्रयोगानंतर लोक घरी जाताना एकमेकांना विचारत होते, हिला पैसे किती मिळाले असतील? बाईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या.

"मग दुसरा नायक शोधा," पाद्री म्हणाले.

"शोधला. पोस्टातला तिचा मामेभाऊ. पोलीस चौकीतले दोघे चुलते. बेकरीवाल्याचा मुलगा आईकडून भाऊ, आणि बेकरीवाला बापाकडून. अख्ख्या नेयाफूत तिचा भाऊ किंवा काका नसलेला एकच पुरुष आहे."

"कोण?"

"तुम्ही. तुमची बदली होऊन दीड वर्षच झालंय. तुमचं इथं कुणाशी नातं नाही."

पाद्रींचे कान लाल झाले. "बाई! मी देवाचा माणूस आहे."

"सेनापतीही देवभोळाच आहे. येतो तोच प्रार्थना करत."

"थट्टा पुरे. हॉल चर्चचा आहे. एवढा बोभाटा झाल्यावरही तो प्रवेश सुरू झाला तर मी दिवे बंद करीन."

"करा," बाई म्हणाल्या. "पण आधी नाटक बघा. न बघता बंद करू नका."

ते गेल्यावर लुसेआने आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाई, मला काढून दुसरीला घेणार असाल तर आत्ताच सांगा."

"एका दिवसात दुसरी कुठून आणू? आणि का म्हणून?"

"मग ठीक. सेमिसीनं निरोप पाठवलाय, त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. त्याला सांगा, उद्या माझ्या भावांबरोबर बंदरावर जाऊन बसायचं, आणि मासे आणायचे. बहिणीचा हुकूम आहे. भाऊ झालाय ना, मग ऐकावंच लागेल."

बाई हसल्या. बुधवारपासून पहिल्यांदाच. मग त्यांनी पायरीवरचा कोट उचलला. शाळेच्या बँडचा जुना कोट, पितळी बटणांचा. त्यांनी तो अंगात घातला. गुडघ्यापर्यंत आला. बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात.

"लोक हसतील, बाई."

"हसतील. तू थांबू नकोस, म्हणजे झालं. ओळी मला पाठ आहेत, मीच लिहिल्यात."

"आणि आत्या?"

त्या दोघी आत्यांकडे गेल्या. आत्या चटई विणत होत्या. बाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी हिची कोण लागते, आत्या?"

आत्यांनी बराच विचार केला. दोन्हीकडची गोतं बोटांवर मोजली.

"कुणी नाही. तू तिची बाई."

"मग चालेल?"

"बाईमाणसानं सेनापती व्हायचं! म्हातारपणी तुला चळ लागलाय," आत्या म्हणाल्या. "खुर्ची पुढची ठेव. मला लांबचं दिसत नाही."

शुक्रवारी साडेसातला लुसेआनेचे जवळचे-लांबचे सगळे भाऊ बंदरावर गेले आणि बाकीच्यांनी हॉल भरला. पाद्री उजवीकडे भिंतीजवळ बसले, दिव्यांचा खटका हाताशी ठेवून. पहिला अंक नीट झाला. दुसऱ्या अंकात सेनापती आला आणि हॉलमध्ये हशा फुटला. "बाई, मिशा कुठं राहिल्या?" मागून कुणीतरी ओरडलं. कुणी शिट्टी मारली. बाई तशाच उभ्या राहिल्या, वर्गात गोंधळ शमेपर्यंत उभ्या राहत तशा. हॉलमध्ये निम्मे त्यांचे जुने विद्यार्थी होते. हशा हळूहळू ओसरला. राजकन्या पुढे आली आणि म्हणाली, की कुणाला जीव लावायचा याची परवानगी मी कुणाकडे मागणार नाही.

कुणी हसलं नाही.

पाद्री उठले. खटक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बाजूला हो रे," आत्यांचा आवाज आला. "मला तो कोपरा दिसत नाहीये."

पाद्री तसूभर सरकले. हात तिथंच होता. रंगमंचावरून बाईंना तो स्वच्छ दिसत होता. त्यांनी बाह्या मागं सारल्या, लुसेआनेकडे हात पुढे केला आणि पुढची ओळ आधीपेक्षा मोठ्यानं म्हटली. प्रवेश अर्धा झाला होता. दिवे अजून चालू होते.