प्रमुखांच्या वतीने एक शंका

आमच्या महिला मंडळाने संध्याकाळची डॉक्टरी व्याख्यानं सुरू केली, तेव्हा गावातल्या पुरुषांनी नाकं मुरडली होती. साखरेवरच्या व्याख्यानाला मात्र झाडून सगळे हजर! शहरातून आलेल्या पाहुण्या डॉक्टरणीच्या मानासाठी केक होता ना. डॉक्टर तिरेसाने साखरेचे तोटे सांगितले, मंडळींनी माना डोलावल्या आणि मग केकचा फडशा पाडला. रक्तदाबाच्या संध्याकाळी खारवलेलं मांस होतं. त्याचंही तेच झालं.

तिसरं व्याख्यान मी मागून घेतलं. मंडळाची अध्यक्षीण सालोमे म्हणजे आमच्या गावच्या प्रमुखांची बायको आणि माझी बालमैत्रीण. तिला म्हटलं, "या खेपेला म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीवर ठेव."

"इश्श! कुणासाठी गं?"

"माझ्या घरच्या शहाण्यासाठी."

घरचा शहाणा म्हणजे फालानिको, माझा नवरा. तो प्रमुखांचा प्रवक्ता. आमच्या सभेत प्रमुख स्वतः तोंड उघडत नाहीत, त्यांचं बोलणं प्रवक्ता बोलतो. फालानिकोची जीभ अशी, की जेवताना मीठ हवं असलं तरी तो आधी समुद्राचे आभार मानील. पण हल्ली तो रात्रीतून सारखा उठायचा. एकदा त्याच्या लुंगीवर मला लाल डाग दिसला, तर म्हणतो कसा, "रविवारी बीट खाल्लं होतं." त्या रविवारी घरात बीट आलंच नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, "उगाच राईचा पर्वत करू नकोस." माझे वडील असल्याच डागाने गेले. त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

व्याख्यानाच्या दिवशी प्रार्थना उरकून सगळे सभाघरात जमले. प्रमुख तौमालो आपल्या खांबाला टेकून बसले. माणूस ताडामाडासारखा उंच आणि तितकाच अबोल. फालानिको आणि इतर घराण्यांचे प्रवक्ते पुढच्या खांबांपाशी, आम्ही बायका मागे. डॉक्टर तिरेसाने भिंतीएवढं चित्र टांगलं. शरीरातली ती सगळी गुपितं तिने ऑकलंडमध्ये शिकलेल्या मोकळेपणाने छडीने दाखवली. पुरुष छपराकडे बघत होते, जणू गळती शोधताहेत.

"कुणाला काही शंका?" तिने विचारलं.

मग फालानिकोने प्रवक्त्याच्या मानाची काथ्याची चवरी खांद्यावर टाकली आणि घसा खाकरला. म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

त्याने आधी देवाला वंदन केलं, मग पाहुणीच्या पूर्वजांना, मग तिला आणणाऱ्या बोटीला. शेवटी म्हणाला, "प्रमुखांच्या वतीने एक शंका आहे."

मी सालोमेकडे वळून पाहिलं.

"प्रमुखांच्या निद्रेला हल्ली ओहोटी लागली आहे. रात्री त्यांना वारंवार चांदणं बघायला बाहेर जावं लागतं. तिथे पोचल्यावर झरा वाहता वाहत नाही. आणि कधीकधी त्या झऱ्याला मावळतीचा रंग येतो."

सगळं गाव वळून तौमालोंकडे बघू लागलं. सालोमेने मला कोपर मारलं. "चांदणं? अगं, हा एकदा आडवा झाला की कोंबडे ओरडून थकतात!"

"मावळतीचा रंग म्हणजे रक्त का?" तिरेसाने विचारलं.

"आपण विदुषी आहात. आपण म्हणाल ते."

"दुखतं का कुठे?"

"प्रमुखांना इथे कळ येते," म्हणत फालानिकोने स्वतःची कंबर चोळली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भर सभेत नवऱ्याला खोटं पाडावं, तर प्रवक्ता म्हणून त्याची किंमत राहणार नाही. आणि गप्प बसावं, तर मीच विधवा होणार. मला त्याचा असा संताप आला होता की चटईच्या काड्या उपटत बसले.

तिरेसाचा चेहरा मात्र गंभीर झाला. "रक्त जात असेल तर थांबायचं नाही. वेळेवर कळलं तर पुष्कळदा बरं करता येतं. प्रमुखांनी उद्या सकाळच्या बोटीने माझ्याबरोबर राजधानीच्या दवाखान्यात, आपियाला यावं."

"प्रमुखांना गावाची फार कामं..."

"मग आत्ताच आतल्या खोलीत तपासते. आपण या, प्रमुख."

फालानिकोच्या पुढे आड आणि मागे विहीर. चवरी खांद्यावरून घसरली, तेही त्याला कळलं नाही.

तेव्हा तौमालो बोलले. माझं लग्न झाल्यापासून मी सभेत त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"मी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "हे दुखणं माझ्या प्रवक्त्याचं आहे. जन्मभर तो माझ्या वतीने बोलला. आज मी त्याच्या वतीने बोलतो. पोरी, याला घेऊन जा."

"प्रमुख, आपला काहीतरी गैरसमज..." फालानिको पुटपुटला.

"सभा चालू असताना तू किती वेळा उठून माडांमागे जातोस? परत आलास की खांब धरून बसतोस. मी बोलत नाही, फालानिको. मला बघायला पुष्कळ वेळ असतो."

मागे कुणी म्हातारी फिसकन हसली. तिरेसा उठली आणि फालानिकोसमोर येऊन मांडी घालून बसली. "काका, आता तुम्हीच सांगा. काय होतंय?"

मला वाटलं, आता हा पुन्हा झरे, चांदणं, पूर्वज, सगळं काढणार. त्याने एकदा प्रमुखांकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

उभ्या संसारात त्याचं इतकं छोटं भाषण मी ऐकलं नव्हतं. प्रवक्त्यांच्या रांगेत बायकांनी बसायचं नसतं. मी उठले, सगळ्यांमधून वाट काढत गेले आणि त्याच्या शेजारी बसले.