पन्नाशीपुढचा गट

‘लेक दिली डोंगराला, सावली पडेल अंगणाला,’ तिच्या लग्नात आई गुणगुणली होती. जावयाचे दंड बघून बाईला गाणंच सुचलं. आई गेली, सूर तेवढा कानात राहिला. आणि लेक इतकी वर्षं डोंगराचे घामट बनियन धूत राहिली.

डोंगर मात्र ढळला नव्हता. बरोबरीच्यांची पोटं सुटली, खांदे उतरले. ह्याची छाती होती तशीच. उतरेल कशी? स्वयंपाकघरात काटा ठेवून कोंबडीचा तुकडा सोन्यासारखा तोलला जाई. घास मोजका, झोप वेळेवर. लग्न असो, मयत असो, व्यायाम चुकवायचा नाही. कपाटाच्या आरशाला जेवढी माया मिळाली तेवढी माणसाला मिळती, तर त्याचं सोनं झालं असतं. गल्ली त्याला पैलवान म्हणे. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता. आणि घरात पैलवानाने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. खांदा लचकतो म्हणे.

सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तीच उचलत आली. मागच्या उन्हाळ्यात कमरेत कळ भरली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. “मणका सरकलाय. असंच उचलत राहिलात, तर एक दिवस तुम्हीच अंथरूण धराल.” घरी येऊन ती बोलली नाही. मदत मागायची तर समोरच्याची काही किंमत वाटावी लागते. तिरस्काराची काठी टेकत ती रोज वाकायची, रोज उठायची.

आज शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती, पन्नाशीपुढच्यांच्या गटाची. मंचावर जाण्याआधी ही मंडळी मीठ सोडतात, मग पाणीही सोडतात. कातडी सुकावी, शिरा वेलीसारख्या वर याव्यात. त्यावर तपकिरी रंग. त्या दिवशी देह सगळ्यात देखणा दिसतो आणि सगळ्यात निकामी असतो.

सकाळी ती टॉवेल आणायला वळली, तेवढ्यात सासूबाई पलंगावरून घसरून फरशीवर बसल्या.

“अहो, इकडे या! आई पडल्या!”

तो आला. अंगावर चड्डी, दोन्ही हात अंगापासून लांब. भिजलेल्या कोंबड्याने पंख वाळत घातल्यासारखे.

“लागलं का गं आई?”

“नाही रे. उचल आधी.”

“रंग ओला आहे. थोडं थांब.”

“थांबते की,” सासूबाई म्हणाल्या. “मला कुठं लग्नाला जायचंय? सूनबाई, जरा सरक गं, मला ह्याच्या पोटऱ्या दिसू देत.”

तो ओशाळला. आईच्या काखेत हात घालून वाकला, आणि त्या देखण्या पोटरीत असा गोळा आला की हाय हाय करत पैलवान आईशेजारीच आडवा झाला. फरशीवर तपकिरी फराटा उमटला.

“पाणी,” तो कण्हला.

“चालतं का आज?”

“दे गं! चेष्टा करू नकोस.”

तिने पेला भरून दिला. तो घटाघट प्यायला, दुसरा मागितला, तोही रिकामा केला. मंच गेला हे त्याला कळलं होतं. ओठ पुसत तो सवयीने म्हणाला, “आईला घे तू वर. मला जरा बसू दे.”

तीही सवयीने वाकली. कळ कमरेतून टाचेपर्यंत सळसळत गेली. सासूबाईंचा डावा हात तिच्या गळ्याशी आला होता. तो तिने हळूच सोडवला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि भिंतीला धरून ताठ झाली.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“मला नाही उचलवत.”

“रोज तर उचलतेस.”

“रोज मरते. मणका सरकलाय माझा, मागच्या उन्हाळ्यापासून. डॉक्टर म्हणाले, अंथरूण धराल. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही काही कराल असं मला वाटलंच नाही. एवढी तुमची किंमत होती माझ्या लेखी. आता गोळा उतरला की उठा, आणि आईंना खुर्चीत बसवा.”