मिरगापासून पोळ्यापर्यंत

पहिल्या निवडणुकीच्या मतपेट्या गावात येऊन गेल्या, त्यानंतरच्या उन्हाळ्यात इंद्रभान आणि गोजराबाई या नवराबायकोत पैज लागली. ती लागली बाजाराच्या पिशवीवरून.

शेलूबाजारचा बाजार इंद्रभानने कधी चुकवला नव्हता. वावरातली डवरणी अर्धी राहिली तरी चालेल, पण बाजारादिवशी हा माणूस धुतलेलं धोतर नेसून नाल्यापलीकडे गेलेला असायचा. तिथे भजी खायची, चार गावच्या लोकांशी बोलायचं, बैलांच्या तोंडात हात घालून दात पाहायचे आणि उन्हं उतरली की पिशवीत कांदे, हळकुंडं, एखादी आगपेटी असं काहीबाही घेऊन परत यायचं. आला की ओसरीवर बसून पिशवी उपडी करायची. समोर बहुधा त्याचे शेजारचे काका, नानाजी, असायचेच.

त्या दिवशी पिशवी उपडी करता करता तो म्हणाला, "काका, मी एक बाजार चुकवला, त या घरातली चूल पेटत नाही पाहा."

आत गोजराबाई भाकर थापत होती. तिचा हात थांबला. काठवटीतलं पीठ तिनं पहाटे दळलं होतं. ज्वारी वावरातली, तूर वावरातली, डाळ तिनं भरडलेली, जवस तिनं पाखडून तेलघाणीवर धाडलेलं. चूल कोणाच्या जिवावर पेटते हे त्या माणसाला एकदा कळावं, असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि डोक्यावरचा पदर कोपरानं सावरत नानाजींना म्हणाली, "मामाजी, यायले सांगा. मिरगापासून पोळ्यापर्यंत बाजारात पाय ठेवू नका म्हणा. चूल पेटते का नाही, पाहू."

इंद्रभान हसला. "आठ दिवसांत मले पिशवी आणून देशील."

"लावा मंग पैज!"

नानाजींना आयतीच करमणूक मिळाली. त्यांनी अटी ठरवून टाकल्या. मृग लागल्यापासून घरात बाजारची एक वस्तू यायची नाही. तरीही पोळ्यापर्यंत खाण्यापिण्याचं काही कमी पडलं नाही, तर इंद्रभाननं दसऱ्यापर्यंत रोज जात्यावर बसून घरचं दळण दळायचं. आणि काही कमी पडलं, तर गोजराबाईनं त्याच्या बाजाराबद्दल जन्मात पुन्हा एक शब्द काढायचा नाही.

"गडीमाणूस जात्यावर?" इंद्रभान जरा चपापला.

"घाबरला काय?" नानाजी म्हणाले. मग काय, त्याला हो म्हणावंच लागलं.

त्या उन्हाळ्यात गोजराबाईचं अंगण पाहायला शेजारणी यायच्या. बाजांवर धोतरं पसरून त्यावर कुरड्या, पापड, मुगवड्या, काड्यांवर वळलेले गव्हाचे सरगुंडे. गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, अंबाडीचा पाला, जे वाळतं ते सगळं उन्हात. दोन्ही पोरी काठ्या घेऊन कावळे हाकायला बसवलेल्या. धाकटी कंटाळून विचारायची, "माय, आपल्याले हे सगळं खा लागन काय?" तुरीला राख चोळून झाली, ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला गेला. दिव्यासाठी करंजाचं तेल काढून आणलं, धुण्यासाठी रिठे फोडून ठेवले, गोवऱ्यांचा उडवा गोठ्यापेक्षा उंच झाला.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरची मोतीबाई त्यांच्या वावरात निंदणाला यायची. गोजराबाईची आणि तिची चांगली गट्टी होती. तिनं ते अंगण पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "बाई, लढाईवर चालली काय तू?"

"लढाईच हाय," गोजराबाई म्हणाली.

जिच्यावाचून चालणार नाही आणि बाजाराशिवाय मिळणार नाही अशी एकच वस्तू होती, मीठ. ते मात्र तिनं मृगाआधी नवऱ्याकडूनच भरपूर आणवून घेतलं आणि सासूच्या वेळच्या मोठ्या रांजणात भरून चुलीच्या उबेशी ठेवलं.

मृग लागला. पहिला बाजार आला आणि गेला. इंद्रभान गावकुसापर्यंत जाऊन बाजाराच्या गाड्या जाताना पाहून आला. दुसऱ्या बाजाराला तो येणाऱ्या गाड्यांना आडवा जाऊन विचारू लागला, "कोण कोण भेटलं? बैल कसे होते?" घरी येऊन म्हणाला, "भजे खावासे वाटून राह्यले."

गोजराबाईनं घरच्या हरभऱ्याचं बेसन घेतलं, माळ्यावर टांगलेला कांदा चिरला, ओवा चुरला. ताट भरून भजी समोर ठेवली.

"बाजारच्यासारखे नाही लागत," तो म्हणाला आणि ताट रिकामं केलं.

मग तो रोज काहीतरी मागू लागला. भर पावसात त्याला गवारीची भाजी हवी झाली, आली. पन्हं हवं झालं. गुळात शिजवून ठेवलेल्या कैरीचं आलं. आगपेटी संपली तेव्हा तो फार खूश झाला होता, पण गोजराबाई तेव्हापासून चुलीतला विस्तव राखेखाली दडपून ठेवायची आणि सकाळी फुंकर मारली की लाल व्हायचा. श्रावण लागेपर्यंत इंद्रभानला दसऱ्यापर्यंतचं दळण डोळ्यांपुढे दिसू लागलं.

तेव्हा त्यानं एक डाव टाकला. त्याची बहीण कामरगावात दिली होती. तिचा नवरा दौलतराव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, भजनासाठी आणि जेवणासाठी. इंद्रभाननं त्याला निरोप धाडला की श्रावण आहे, भजनी मंडळ घेऊन एक मुक्काम आमच्याकडे करा.

दौलतराव आला तो दोन गाड्या भरून. टाळ, मृदंग आणि एकाहून एक धिप्पाड गायक. गोजराबाई पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती. तिनं गाड्या पाहिल्या आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. इंद्रभान छपराची कवेलू मोजत असल्यासारखा वर पाहत होता.

"या भाऊजी," ती म्हणाली. "लय दिवसानं आले."

रात्रीचं भजन झालं, जेवणं झाली. सकाळी मंडळी निघणार, तर आभाळ फाटलं. दुपारी नाला असा भरला की पलीकडच्या बाभळी अर्ध्या बुडाल्या. एक मुक्काम ठरला होता, त्याचे दोन झाले, तीन झाले. पाहुणे अडकले आणि यजमानीणही.

"वहिनी, असा पाऊस म्हणजे पिठलं पाह्यजे," दौलतराव म्हणायचा. पिठलं व्हायचं. "वहिनी, सरगुंडे नाही काय तुमच्याकडे?" तेही यायचे, गूळ आणि तूप घालून. एका दिवशी पुरण झालं. दोन्ही पोरी पाट्या-वरवंट्यावर वाटून वाटून थकल्या. पण गोजराबाईला त्या दिवसांत एक प्रकारची झिंगच चढली होती. उतरंडीतलं एकेक मडकं खाली येत होतं आणि ती ते पुसून, हसत रिकामं करत होती. कावळ्यांपासून राखलेलं सगळं आता कामाला येत होतं.

इंद्रभानचा डाव मात्र उलटत चालला होता. आपण हिला हरवायला माणसं आणली आणि ही त्यांना रोज नवं ताट वाढते आहे, हे पाहून त्याला पैजेपेक्षा आपल्या बायकोचाच जास्त अभिमान वाटू लागला. तसं बोलून दाखवण्याचं धाडस त्याला झालं नाही. त्याऐवजी तो पाहुण्यांना पाणी देऊ लागला, लाकडं आत आणू लागला. ओल्या धोतरांना चुलीजवळ दोरी बांधायला जागा हवी म्हणून त्यानं एका पाहुण्याला हाताशी घेऊन मिठाचा रांजण उचलला आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई मीठ घ्यायला गेली. पडवीतलं एक कवेलू सरकलं होतं आणि पावसाची धार नेमकी रांजणावर पडत होती. जुन्या रांजणाला उचलताना बुडाशी तडा गेला होता. वरून पाणी आत, खालून मीठ बाहेर. रांजणात हात घातला तर तळाला बोटभर गढूळ खारं पाणी. बाकी सगळं मीठ जमीन पिऊन बसली होती.

ती तशीच ओसरीवर आली आणि नवऱ्याला खुणेनं बाजूला बोलावलं. तिचा आवाज चढला नाही, त्यानंच तो घाबरला.

"काहून असं केलं? पाहुणे आणले, मी काही बोलली नाही. पण मीठ घालवावं? असं जिंकाचं होतं काय तुमाले?"

"काय झालं?"

तिनं त्याला पडवीत नेऊन दाखवलं. इंद्रभाननं रांजणात हात घालून पाहिला. मग त्याच्या तोंडावर दुखावल्याची अशी काही कळा आली की गोजराबाईला बोलल्याचा पस्तावा झाला.

"पाहुणे आणले तो माझा डाव होता," तो म्हणाला. "पण हे म्या जाणून नाही केलं. पोरींची आण. धोतरं वाळावी म्हून सरकवला फक्त."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

इंद्रभान मात्र थांबला नाही. घोंगडी डोक्यावर घेतली, घरातल्या वाळल्या लाल मिरच्यांची एक टोपली घोंगडीखाली धरली आणि चिखल तुडवत बरडावरच्या तांड्याकडे निघाला. तांडा नाल्याच्या अलीकडेच होता. मोतीबाई दारात शेळी बांधत होती. भिजलेल्या इंद्रभानला पाहून तिला आधी हसूच आलं.

"मीठ हाय काय, मोतीबाई? घरी भजनी मंडळ उपाशी बसलं."

"मीठ?" मोतीबाई म्हणाली. "आमच्या आज्या-पंज्यांनी बैलांच्या पाठीवर लादून देशभर मीठच वाह्यलं. तांड्यात मीठ नाही, असं होते काय? पण तुमी काहून आले? गोजराबाई कुठं हाय?"

इंद्रभाननं सगळं सांगितलं, रांजण आपणच हलवला हेसुद्धा. मोतीबाईनं मिठाचं मडकं बांधून दिलं आणि मिरच्यांची टोपली ठेवून घेतली. या ओल्या हवेत तिच्या मिरच्यांना बुरशी आली होती. "तिले सांगा, लढाईत मोतीबाई तिच्याच बाजूनं हाय," ती म्हणाली.

तो घरी पोचला तेव्हा पंगत उठत होती. इंद्रभान दारातच थबकला. मिठाशिवाय जेवले तरी कसे?

गोजराबाईनं काय केलं होतं, तर वरण, भाजी, भाकर सगळं अळणीच रांधलं आणि प्रत्येक ताटात लोणच्याची मोठी फोड, तळलेली खारवलेली मिरची, पापड आणि मुरवलेला लिंबू वाढला. उन्हाळ्यात त्यात घातलेलं मीठ आता उपयोगी पडलं. कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. दौलतराव ढेकर देत म्हणाला, "वहिनी, आज लोणच्याची चव काही अलगच लागली. वरणात कालवून खाल्लं म्या!"

गोजराबाई पदराआड हसत होती. दारात चिखलानं माखलेला, मडकं छातीशी धरलेला नवरा तिला दिसला, आणि तिचं हसू थांबेना.

पाणी ओसरलं, गाड्या कामरगावला गेल्या. पोळा आला. बैलांची पूजा झाल्यावर नानाजी ओसरीवर टेकले आणि निकाल विचारला. तर नवीनच भांडण सुरू झालं.

"मी हरली, मामाजी," गोजराबाई म्हणाली. "मीठ संपलं. तांड्यावरून आणा लागलं."

"कायची हरली?" इंद्रभान उसळला. "मीठ म्या घालवलं. आन जेवणं त त्याच्याआधीच झाली होती! हरलो मी."

"पण संध्याकाळच्याले त लागलंच ना?"

"तांडा म्हणजे बाजार हाय काय?"

नानाजी दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. पैज हरण्यासाठी भांडणारी माणसं त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. शेवटी काठी आपटून म्हणाले, "दोघंही हरले. दोघांनीही फेडा."

दुसऱ्या दिवशी पहाटे इंद्रभान जात्यावर बसला. दार लावून घेतलं होतं, पण जात्याची घरघर एवढी ओबडधोबड होती की गल्लीला कळलंच. पीठ निघालं ते रव्यासारखं. त्याच्या भाकरी तव्यावर फाटल्या. पोरींनी तोंडातून शब्द न काढता खाल्ल्या, कारण मायनं तशी ताकीद दिली होती. हळूहळू हात बसला. खुंटा कसा धरायचा, घास किती टाकायचा हे गोजराबाई समोर बसून सांगायची, आणि कधी कधी तिचा एक हात आपसूक खुंट्यावर यायचा.

"तुझे हात कसे राह्यले इतकी वर्षं?" एका पहाटे त्यानं विचारलं.

"राह्यले," ती म्हणाली.

मग बाजाराचा दिवस आला. इंद्रभान धुतलेलं धोतर नेसून पिशवी घेऊन निघाला आणि पाहतो तर गोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. त्यांच्या घरातल्या बाया बाजाराला जात नसत.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"बाजाराले. बाजाराबद्दल बोलाचं नाही, असं ठरलं होतं. जायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?"

"पण तुले बाजाराचं काही नडत नाही ना?"

"नडत नाही म्हून पाहूच नये काय?"

इंद्रभाननं क्षणभर डोकं खाजवलं आणि बैल जुंपायला गेला. पोरीही गाडीत चढल्या.

गोजराबाईनं बाजार शांतपणे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. कुठं थांबली नाही असं दुकान नाही. मिरच्यांना हात लावून नाक मुरडलं, कुरड्या पाहून हसली, गरम भजी मात्र कढईजवळ उभी राहून खाल्ली आणि म्हणाली, "खरंच, घरच्यासारखे नाही लागत. हे चांगले हायेत." इंद्रभाननं तिला काय हवं ते विचारलं. तिनं खूप वेळ विचार केला. मग रंगीत कागदाच्या भिंगऱ्या विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

पोरींना एकेक घेतली.

"आणखी एक," गोजराबाई म्हणाली.

"हे कोणाले?"

परतीच्या वाटेवर गाडी उतारावरून नाल्याकडे धावू लागली, तेव्हा गोजराबाईनं ती तिसरी, लाल-पिवळी भिंगरी वाऱ्यासमोर धरली. भिंगरी भरारा फिरू लागली, आणि मागे बसलेल्या पोरींनी आपापल्या भिंगऱ्या बाहेर काढून मायच्या भिंगरीशी शर्यत लावली.