डोमाचं जाळं

आमच्या गावच्या तलावाचा एक रिवाज आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे ढिवर एकाच दिवशी मासे धरतात. जाळं कोणीही फेको, त्यात येईल तो मासा जाळ्याच्या मालकाचा.

चौपन्न साली माझा मित्र डोमा क्षयानं खाटेवर होता. नागपूरला नेऊन नव्या सुया द्यायच्या तर पैसा हवा होता, आणि घरात त्याच्या जाळ्याशिवाय काही नव्हतं. म्हणून मी माझ्याबरोबर त्याचंही जाळं घेऊन तलावावर गेलो.

"वारलू, डोमा कुठी आला?" आमचे म्होरके सोमाजीभाऊ म्हणाले. "जो आला त्यानंच जाळं टाकाचं."

माझं डोकं फिरलं. "त्याचं जाळं आलं ना, भाऊ. रिवाज जाळ्याचा आहे, माणसाचा नाई." आणि मी ते फेकलं.

सोमाजीभाऊंनी पाण्यात उतरून माझ्या हातातली दोरी घेतली.

"सरक. तुले दोन झेपाचे नाई."

स्वतःचं जाळं त्यांनी काठावरच ठेवलं. त्यांचं बघून बाकीचेही एकेक करून आले. संध्याकाळपर्यंत डोमाचं जाळं सुकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे मासे अहेरीच्या बाजारात न्यायला दोन बैलगाड्या लागल्या.

दिवाळीनंतर डोमा नागपूरहून परत आला, गाल भरलेले. आल्याआल्या त्यानं खुंटीवरचं जाळं उलगडलं.

"माझं जाळं कोनं फाडलं बे?" तो ओरडला. एवढं ओरडूनही तो एकदासुद्धा खोकला नाही.

"साऱ्या गावानं," मी म्हणालो.