उकडलेल्या बटाट्यांचा प्रताप

आमचं फिश-अँड-चिप्सचं दुकान. मासे तळता तळता माझा नवरा नेव्हिल चिप्स तोंडात टाकायचा, त्याही मुठीमुठीनं. जानेवारीत दवाखान्यातल्या सिस्टर नाझियानं त्याला काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून कपाळाला हात लावला.

"नेव्हिलकाका, पंधरा किलो उतरवा. नाहीतर यंदा स्पर्धेत ट्यूबा घेऊन तुम्ही चढ चढणार नाही, तुम्हालाच उचलून न्यावं लागेल."

नेमकं वर्मी लागलं. गावच्या बँडमध्ये तेवीस वर्षं तो ट्यूबा वाजवतोय. ते पितळी धूड आणि मी, यातलं एक सोड म्हटलं असतं तर मी बॅग भरायला घेतली असती.

"म्हणजे उपास?" त्यानं रडवेला होऊन विचारलं.

"छे! पोटभर खायचं. पोट भरेल, पण अंगाला लागणार नाही असं. कोबीचं सूप, घेवडा, सफरचंद, वाफवलेला मासा, उकडलेले बटाटे..."

"बटाटे?" नेव्हिलचा चेहरा उजळला. "अगं, बटाट्यांवर तर माझं दुकान चालतं!"

"तेल सोडून, काका."

पहिल्या दिवशी त्यानं आठ बटाटे उकडून पुढ्यात घेतले. चौथ्यावर थांबला आणि घाबरून माझ्याकडे बघू लागला. "जॅनिस, मला काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"पोट भरलंय!"

मग स्वारी सुटलीच. जेवणाआधी वाडगाभर सूप, दुपारी घेवडा. घेवडा खाऊन बँडच्या तालमीला गेला, त्या संध्याकाळी मागच्या रांगेतून एक लांबलचक खर्जातला सूर आला. बँडमास्तर ॲक्रॉइड मान वर न करता म्हणाले, "नेव्हिल, तुझं वाद्य अजून पिशवीत आहे."

मेअखेर चौदा किलो उतरले. बँडची पँट ढगळ झाली, पण तो ती मला शिवून आत घेऊ देईना. गिऱ्हाईक आलं की कंबरेशी ताणून दाखवायचा, "बघा, आत अजून एक माणूस मावतो!" शेवटी व्हिट फ्रायडेच्या, एका दिवसात गावोगाव वाजवत फिरायच्या बँडस्पर्धेला मी नुसती सेफ्टीपिन लावून दिली.

तिसऱ्या गावाच्या चढावर ती पिन उघडली.

दोन्ही हात ट्यूबात, तोंड ट्यूबात. एका श्वासाच्या फटीत तो ओरडला, "जॅनिस! गेली!"

मी गर्दीतून घुसले आणि मागून पँट दोन्ही मुठींत धरली. बँड चालला, नेव्हिल चालला, त्याच्यामागे वाकून मी चालले. लोक पोट धरून हसत होते. "अगं, घट्ट धर!" एक आजी ओरडली. "नाहीतर सोड तरी एकदाची!"

"थांबायचं नाही!" ॲक्रॉइड मागे न बघता गरजले.

स्पर्धेची धून वाजवायला बँड उभा राहिला, तेव्हाही मी मागेच. परीक्षक पडदे लावलेल्या गाडीत बसतात, त्यांना दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येतं. शेवटचा लांब सूर आला. दरवर्षी नेव्हिलचा दम इथे मध्येच संपायचा. माझ्या मुठींना त्याचं पोट फुगताना कळलं, मग हळूहळू आत जाताना. सूर चाललाय, चाललाय, संपतच नाही. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. पुसायला हात मोकळा कुठला!

त्या गावचं उत्तम ट्यूबावादनाचं बक्षीस नेव्हिलला मिळालं. ट्यूबा ॲक्रॉइडांच्या गळ्यात टाकून आम्ही दोघं, पुढे तो आणि मागे मी, खेकड्यासारखे व्यासपीठावर चढलो.

"एवढा दम आणला कुठून?" चषक देणाऱ्या बाईंनी विचारलं.

"पोटभर खाऊन, बाई," नेव्हिल अगदी गंभीरपणे म्हणाला.

पुढच्या गावाला निघालेल्या बसमध्ये ढोलवाल्यानं कुठूनशी सुतळी पैदा केली आणि नेव्हिलच्या कमरेला करकचून बांधली.

"आता सोड की," नेव्हिल म्हणाला.

"गाठीचा काय भरवसा?" मी म्हटलं आणि मुठी तशाच ठेवल्या.